'शिकवलं तर जाईल' ही भीती मला ७८ हजारांना पडली



गेल्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. कराडजवळ त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, हाताखाली तीन पोरं. चांगलाच वैतागलेला. म्हणाला, "सर, माणसं टिकतच नाहीत. दोन वर्षं हात धरून शिकवायचं, आणि जरा हात बसला की हा चालला समोरच्याकडे. आता मी ठरवलंय, कुणाला पूर्ण काम शिकवायचंच नाही. इंजिन मी उघडणार. पोरांनी ऑइल बदलायचं, चेन टाइट करायची, गाडी धुवायची. बस्स."

मी लगेच काही बोललो नाही. कारण हेच वाक्य कधीकाळी मी स्वतः बोललेलो आहे, आणि त्याचं बिलही भरलेलं आहे. आज ती गोष्ट आकड्यांसकट सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको: छोट्या धंद्यात माणूस टिकवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याच्यावर थोडा पैसा आणि वेळ घालणं. आणि "शिकवला तर जाईल" म्हणून न शिकवणं हा सगळ्यात महाग मार्ग.

प्रशिक्षण द्यायला लागण्याआधी साताऱ्यात माझी छोटी ऑफसेट प्रेस होती. एक सिंगल कलर मशीन, एक कटिंग मशीन, डीटीपीला एक मुलगी, बाइंडिंगला दोन ताई आणि एक मशीनमन. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असं काम. हा मशीनमन माझ्याकडे आला तेव्हा १९ वर्षांचा होता. कागद उचलायला, रीम फोडायला म्हणून ठेवला होता. सहा-सात वर्षांत मशीन त्याच्या हातात असं बसलं की नुसत्या आवाजावरून सांगायचा, "दादा, रोलर कोरडा पडतोय." शाई आणि पाण्याचा तोल कुठे बिघडतोय हे त्याला कागद बाहेर यायच्या आधी कळायचं.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी जुनं दोन कलरचं मशीन घ्यायचं बोलत होतो. ते ऐकून एक दिवस तो आला. म्हणाला, "दादा, पुण्याला माझ्या मावसभावाच्या ओळखीची एक मोठी प्रेस आहे. पंधरा दिवस तिथे दोन आणि चार कलरच्या मशीनवर उभं राहू देतो म्हणालाय. जाऊ का? पगार कापू नका फक्त."

त्याचा पगार तेव्हा महिना ११ हजार. म्हणजे तो माझ्याकडे साडेपाच हजार रुपये मागत होता, बाकी काही नाही. आणि तेही मी जे मशीन घेणार होतो तेच शिकण्यासाठी!

मी काय म्हणालो असेन? "आधी मशीन तर येऊ दे, मग बघू." तोंडाने हे म्हणालो. मनात वेगळंच होतं. हा चार कलर शिकला तर उद्या १५ हजार मागेल. नाहीतर तिकडेच राहील. कशाला त्याला दार उघडून द्या?

जुलैच्या अखेरीला तो गेला. गावातल्याच दुसऱ्या एका प्रेसमध्ये, साडेबारा हजारांवर. मी पुढचे आठ-पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होतो, "एवढं शिकवलं, आणि दीड हजारासाठी गेला." तुमच्यापैकी किती जणांनी हे वाक्य असंच्या असं कुणाला तरी ऐकवलंय, खरं सांगा.

आता बिल बघा.

नवीन माणूस मिळाला १३ हजारांवर. जुन्याला दीड हजार वाढवायला माझा हात आखडत होता, आणि अनोळखी माणसाला मी दोन हजार जास्त मोजून देत होतो. वर्षाचे झाले २४ हजार. पहिल्या दोन महिन्यांत कागद किती वाया गेला ते मी रद्दीवाल्याच्या वजनावरून काढलं, साधारण ११ हजारांचा. एकदा त्याच्या हातून मशीनमध्ये कागदाचा गठ्ठा अडकला, ब्लँकेट गेलं आणि एक रोलर गेला, ९ हजार. ऑगस्टमध्ये पतसंस्थांच्या अहवालांची घाई असते, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते आणि सभेची नोटीस आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हातात पडायला हवा.  माझ्याकडे काम तुंबलं, म्हणून काही कामं बाहेरून छापून घ्यावी लागली, त्यात १४ हजार जास्तीचे गेले. एवढं करूनही एका पतसंस्थेचा अहवाल चार दिवस उशिरा गेला. त्यांचं वर्षभराचं छपाईचं काम माझ्याकडे असायचं. पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत. त्या एका गिऱ्हाइकातून वर्षाला २० हजारांच्या आसपास सुटायचे.

चोवीस, अकरा, नऊ, चौदा आणि वीस. एकूण ७८ हजार. आणि मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनजवळ उभा राहिलो, तो वेळ यात धरलेलाच नाही. घरी जे ऐकून घ्यावं लागलं तेही नाही.

७८ हजार विरुद्ध साडेपाच हजार.

वर्षभराने एका लग्नात तो भेटला. जेवताना शेजारीच बसलो. मी चेष्टेत म्हणालो, "काय रे, दीड हजारासाठी सोडलंस ना?" तर तो म्हणाला, "दादा, दीड हजाराचं नव्हतंच. तिकडे दोन कलरचं मशीन होतं. मला वाटलं, मी आता आयुष्यभर बिलबुकंच छापणार का?" मी पुढे काही बोललो नाही. जिलेबी वाढायला आले, ती घेतली.

तर आजचं पहिलं काम हे. तुमच्याकडून शेवटचा जो कामाचा माणूस गेला, त्याच्या जाण्याचं बिल कागदावर काढा. तुमच्या धंद्यात ते माझ्यापेक्षा वेगळं असेल. पार्लर असेल तर तिच्याबरोबर किती बायका दुसरीकडे गेल्या ते मोजा. वडा-मिसळीचं हॉटेल असेल तर चव बदलल्यावर सकाळचं गिऱ्हाईक किती कमी झालं ते बघा. दुकान असेल तर नवीन मुलाला माल कुठे ठेवलाय, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे कळेपर्यंत किती दिवस गेले ते लिहा. आपण लाईटबिल महिन्याच्या महिन्याला वाचतो. हे बिल कधी छापून येत नाही, त्यामुळे आपण ते भरतो पण वाचत नाही.

आता दुसरी बाजू. दिवाळी आली की दरवर्षी तुमच्या व्हॉट्सअॅपवर सुरतच्या हिरे व्यापाऱ्याने कामगारांना गाड्या वाटल्याचा व्हिडिओ फिरतो. तो बघून दोन गोष्टी होतात. आपली माणसं आपल्याकडे बघतात, आणि आपण म्हणतो, "ते मोठे लोक आहेत बाबा." खरंच आहेत. तुमच्या-माझ्या धंद्याला त्या व्हिडिओचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट हेन्री फोर्डची. १९१४ साली त्याने रोजची मजुरी एकदम ५ डॉलर केली, जवळजवळ दुप्पट. का केली? कारण त्याच्या कारखान्यातलं काम इतकं कंटाळवाणं झालं होतं की लोक येत होते आणि जात होते. आदल्या वर्षी साधारण १४ हजार माणसं कामावर राहावीत म्हणून त्याला ५२ हजारांच्या वर माणसं भरती करावी लागली होती. सगळे प्रशिक्षक ही गोष्ट इथपर्यंत सांगतात. पुढची सांगत नाहीत. त्या ५ डॉलरमधला मोठा हिस्सा अटींवर मिळायचा, आणि कामगार घरी नीट राहतो का, दारू पितो का, हे बघायला कंपनीची माणसं त्याच्या घरी जायची. मला विचाराल तर पगारवाढीचा भाग घ्या, घरात डोकावण्याचा सोडून द्या.

मला आपल्या मातीतलं उदाहरण जास्त पटतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानाच्या राजांनी त्यांना कुंडल स्टेशनजवळ जागा दिली. जागा म्हणजे काय, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. तिथे लोखंडी नांगर बनवायचा कारखाना उभा करायचा होता. आता सांगा, अशा ठिकाणी शिकलेले, तयार कारागीर कुठून येणार? आलेच नाहीत. मग त्यांनी जी माणसं होती त्यांच्यातूनच माणसं घडवली. शंभूराव जांभेकर साधे फायरमन होते, ते तिथे इंजिनियर म्हणून तयार झाले. के. के. कुलकर्णी शिक्षणात मागे पडलेले, पण कंपनीचा माल विकणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. आणि दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांना त्यांनी वसाहतीचे राखणदार नेमलं! माणसांना राहायला घरं दिली, गाव वसवलं. ते गाव म्हणजे आजची किर्लोस्करवाडी.

यातून मी एकच गोष्ट उचलतो. "तयार माणूस मिळत नाही" ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीही होती. आणि ज्याच्याकडे दुसरा इलाजच नव्हता त्याने माणूस तयार करायला घेतला. तुमच्या तालुक्याच्या गावात तरी तयार माणूस कुठून मिळणार आहे? जो खरंच तयार आहे तो पुण्या-मुंबईला आहे.

पण एक थांबा. शिकवण्याबद्दल बोलायच्या आधी पगाराबद्दल बोलायला हवं. काही मालक काय करतात, पगार वाढवायचा नाही म्हणून "तुला इथे शिकायला किती मिळतं बघ" असं ऐकवतात. माणूस खुळा नाही. बाजारात त्या कामाचा जो भाव आहे त्याच्या आसपास तुमचा पगार असला पाहिजे, आणि तो ठरलेल्या तारखेला हातात पडला पाहिजे. कायदासुद्धा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्या म्हणतो. मी स्वतः प्रेसच्या दिवसांत "पार्टीचं पेमेंट आलं की देतो" असं करायचो. कधी १० तारीख, कधी १८. माझं पेमेंट अडकलं हा माझा प्रश्न होता, आणि मी तो त्याच्या घरभाड्यावर ढकलत होतो. जिथे पगाराची तारीख हलते तिथे कितीही ट्रेनिंग द्या, माणूस एक डोळा बाहेर ठेवूनच काम करतो. म्हणून आधी तारीख पक्की करा. जमत नसेल तर एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा, आणि ती साठेपर्यंत नवीन माणूस घेऊ नका.

आता शिकवणं. इथे जरा सविस्तर बोलतो, कारण लोक "ट्रेनिंग" म्हटलं की हॉल, प्रोजेक्टर आणि समोसे डोळ्यासमोर आणतात.

आपल्या कराडच्या गॅरेजचंच घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी स्क्रूड्रायव्हर घेऊन, कान लावून गाडी ट्यून व्हायची. आता गाडीला स्कॅनर लावून एरर कोड वाचावा लागतो, सेन्सर कुठला गेलाय ते कळावं लागतं. जुन्या गाड्या दरवर्षी कमी होणार, नव्या वाढणार. आता या मुलाने ठरवलंय की हे सगळं फक्त त्यालाच येणार. मी त्याला विचारलं, "दिवसाला तू एकटा किती गाड्या उघडू शकतोस?" म्हणाला, चार, फार तर पाच. "आणि तुला ताप आला तर?" मग बोलेना. म्हणजे पोरं पळून जाऊ नयेत म्हणून त्याने आपल्या धंद्याची उंची स्वतःच्या दोन हातांएवढी करून ठेवली. आणि पोरं? ती तर जाणारच. गाडी धुण्यासाठी कोण कुठे आयुष्यभर राहतो?

त्याला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. कामाच्या पायऱ्या पाडा आणि प्रत्येक पायरीला पगार बांधा. भिंतीवर कागद लावा. गॅरेजमध्ये पहिली पायरी धुणं, ऑइल, ब्रेक. दुसरी क्लच, चेन-स्प्रॉकेट, वायरिंग. तिसरी स्कॅनर आणि इंजेक्शन. चौथी इंजिन. पार्लरमध्ये थ्रेडिंगपासून सुरू होऊन फेशियल, हेअर कलर, आणि शेवटी नवरीचा मेकअप. केटरिंगमध्ये भाजी चिरण्यापासून शंभर पानांचा अंदाज काढण्यापर्यंत. पोराला आज माहीत असतं की त्याला ९ हजार मिळतात. त्याला हे माहीत नसतं की तो तुमच्याकडेच राहिला तर दोन वर्षांनी कुठे असेल. समोरचा मालक त्याला हजार रुपये जास्त दाखवतो तेव्हा त्याच्यासमोर एकच आकडा असतो. तुमच्या भिंतीवर कागद असेल तर दोन असतात.

शिकायला वेळ मात्र कामाच्या वेळातला द्या. रविवारी बोलावून शिकवणं ही शिक्षा आहे. महिन्यातले चार तास बाजूला काढा, ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं त्या दिवशी दुपारी. आणि बाहेर पाठवायचं असेल तर पगारी पाठवा. कंपन्यांचे डीलर, मशीन विकणारे, रंग आणि केमिकल विकणारे बऱ्याचदा त्यांच्या मालाचं प्रशिक्षण फुकट देतात. विचारायचा आळस आपल्याला असतो. ४ किंवा जास्त माणसं असतील तर तुम्ही कायद्याने अप्रेंटिसही ठेवू शकता, आणि राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत त्याच्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार भरतं. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन एकदा चौकशी करा.

आणि प्रत्येक वेळी गुंतवणूक म्हणजे पैसाच असतो असं नाही. आपल्या बॅचमधल्या एक ताई शाळेचे गणवेश शिवून देतात, त्यांच्याकडे सात बायका मशीनवर. त्यांचीही तक्रार हीच, बायका टिकत नाहीत, दांड्या फार. कामाची वेळ होती सकाळी ९ ते संध्याकाळी ६. मी त्यांना म्हटलं, दांड्या कुठल्या वेळेला पडतात ते महिनाभर लिहून ठेवा. निघालं काय, की मुलांना शाळेत सोडण्या-आणण्याच्या वेळेचा सगळा घोळ. त्यांनी वेळ १०.३० ते ४.३० केली आणि मजुरी नगावर ठेवली. तासांवर तास कमी झाले, पण शिवून होणारे नग कमी झाले नाहीत. दीड वर्षात सातपैकी एकच बाई गेली, तीही नवऱ्याची बदली झाली म्हणून. खर्च शून्य.

आता सुरक्षेचं. हे आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण आपल्याला वाटतं की हे मोठ्या कंपन्यांचं काम. बघा. माणसाच्या घरात आजारपण आलं की तो उचल मागतो. उचल मिळाली नाही की जिथे मिळेल तिथे जातो. १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतं, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसांसाठी. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. १५ हजार पगार असेल तर तुमचे ४८७ रुपये ५० पैसे आणि त्याचे ११२ रुपये ५० पैसे. त्यात त्याच्या कुटुंबाचं औषधपाणी येतं, आणि तो स्वतः आजारी पडला तर नियमात बसत असेल त्याप्रमाणे वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. अनेक मालक याला नुसती कटकट समजतात आणि माणसाला कार्डसुद्धा नीट काढून देत नाहीत. अहो, पैसे भरताच आहात तर त्याला दवाखाना दाखवा तरी! त्याच्या बायकोला कळू द्या की हे तुमच्याकडे काम करतात म्हणून मिळतंय.

ज्यांच्याकडे तीन-चार माणसं आहेत त्यांच्यासाठी त्याहून सोपं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये. हप्ता माणसाच्या बँक खात्यातूनच जातो, तर तुम्ही मे महिन्याच्या पगारात तेवढे जास्त घाला आणि एक दिवस त्याच्याबरोबर बँकेत जाऊन फॉर्म भरून या. वयाची अट बघा, पहिलीला १८ ते ७०, दुसरीला १८ ते ५०. चार माणसांचे मिळून १,८२४ रुपये वर्षाला. एवढ्यात तुमची दिवाळीची मिठाईसुद्धा होत नाही.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. १० किंवा जास्त माणसं असतील तर ती द्यावीच लागते, मग ती शेवटच्या दिवशी कपाळाला आठ्या घालून कशाला द्यायची? पहिल्याच वर्षी हिशेब करून दाखवा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८ हजार असेल तर १५ दिवसांचे, २६ ने भागून, वर्षाला १०,३८५ रुपयांच्या आसपास. ५ वर्षांचे जवळजवळ ५२ हजार. हा आकडा माणसाला माहीत असेल तर चौथ्या वर्षी हजार रुपयांसाठी उडी मारताना तो दोनदा विचार करेल. तुमच्याकडे १० माणसं नसतील तर पोस्टात त्याच्या नावाने महिना ५०० चं ५ वर्षांचं आरडी उघडा. मी प्रेसच्या शेवटच्या काही वर्षांत हे केलं होतं. फक्त पासबुक त्याच्याकडे द्या. तुमच्या गल्ल्यात ठेवलंत तर ती दोरी होते, बचत नाही.

दोरीवरून आठवलं. माणूस टिकवायच्या नावाखाली आपल्याकडे जे प्रकार चालतात ते स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. मूळ सर्टिफिकेटं काढून घेऊन कपाटात ठेवणं. एक महिन्याचा पगार कायम मागे ठेवणं. मोठी उचल देऊन "फिटेपर्यंत जायचं नाही" म्हणणं. ही शेवटची गोष्ट तर वेठबिगारीच्या जवळ जाते, आणि त्याविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. काही जण दुसरं करतात, "सोडल्यावर दोन वर्षं याच गावात हाच धंदा करणार नाही" असं स्टँपपेपरवर लिहून घेतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असा धंदाबंदीचा करार मुळातच रद्द ठरवतं, त्यामुळे स्टँपपेपरचे पैसे वाया. बाहेरच्या एखाद्या महागड्या कोर्सचा खरा खर्च तुम्ही केलात आणि ठराविक काळ थांबायचं ठरलं, ते वेगळं, ते वकिलाला विचारून नीट लिहा. पण बांधून ठेवलेला माणूस तुमच्या गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, ते कधी आडून ऐका.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "सर, एवढं सगळं केलं आणि तरी गेला तर?"

जाईल. काही जण जातील. मी त्या फटक्यानंतर प्रेसमधल्या चौघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर शिकायला पाठवलं. त्यातला एक मुलगा डिझाइनचा कोर्स करून आला आणि दोन महिन्यांत पुण्याला गेला. फी मी भरली होती, ९ हजार. बुडाले. त्याने परत कधी फोनही केला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बाकीचे तिघं प्रेस मी दुसऱ्याला चालवायला देईपर्यंत होते, आणि मी निर्धास्तपणे गावाला जाऊ शकत होतो. मशीन घेतल्यावर चारातला एक पार्ट खराब निघाला तर आपण मशीन घेणं बंद करतो का? माणसाच्या बाबतीत मात्र एक गेला की आपण बाकीच्यांचा हात आखडता घेतो.

मुंबईतल्या उडुपी हॉटेलांचा इतिहास बघा. गावाकडून आलेली पोरं, दिवसभर टेबलं पुसायची आणि संध्याकाळी रात्रशाळेत जायची. त्यांना शाळेच्या वेळेला सोडणारे मालक होते. त्यातली कित्येक पोरं पुढे गल्ल्यावर बसली, मॅनेजर झाली, आणि काहींनी स्वतःची हॉटेलं काढली. म्हणजे मालकांनी आपलेच स्पर्धक तयार केले, असं म्हणता येईल. पण मग गावाकडचं पुढचं पोरगं कुठल्या हॉटेलात आलं असेल? जिथे आधीच्याचं भलं झालं तिथेच ना. तुमच्याकडून बाहेर पडलेला माणूस गावात काय बोलतो, यावर तुमचा पुढचा माणूस ठरतो. माझ्याबद्दल तर २०१४ नंतर वर्षभर गावात हेच बोललं जायचं की "तिथे शिकायला काही मिळत नाही". ७८ हजारांत मी तेही धरलेलं नाही.

कराडच्या त्या मुलाशी परवा पुन्हा बोलणं झालं. पायऱ्यांचा कागद त्याने भिंतीवर लावलाय, पण चौथ्या पायरीसमोर पगाराचा आकडा लिहिलेला नाही, जागा कोरी ठेवलीय. तिघांपैकी एकाला स्कॅनर शिकायला पाठवतोय, पगारी, चार दिवस. विम्याचे फॉर्म भरून झाले. "आणि इंजिन?" मी विचारलं. म्हणाला, "सर, इंजिन सध्या मीच उघडतो. पण त्याला शेजारी उभं करतो." ठीक आहे. दिवाळीनंतर त्याच्या गॅरेजवर जाऊन येणार आहे, कोरी जागा भरली का ते बघायला. तेव्हा तुम्हालाही सांगतो.